माजे दिस कोण मोजतलो?

फोंडाघाटातून सकाळची पहिली एसटी पकडायची, कणकवलीला उतरायचं, दुसरी गाडी धरून ओरोस गाठायचं. मांडीवर सात वर्षांचा मुलगा, पिशवीत डबा आणि पाण्याची बाटली, आणि पावसाने भिजू नये म्हणून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली फाईल. मुलाला थॅलेसेमिया आहे. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त चढवावं लागतं. त्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर होते, कारण रक्ताचं काम झाल्यावर अपंगत्वाच्या दाखल्याबद्दल विचारायचं होतं. गाडीत मी तिला समजावत होते की नव्या कायद्यात हा आजार अपंगत्वाच्या यादीत आहे, टक्के ठरले की अर्ज करता येईल. तिने मुलाकडे पाहिलं. "ताईनू, माजो झील चालता, शाळेत जाता. तेका पांगळो म्हणान कसा लिवन देव?" मग थोड्या वेळाने, खिडकीबाहेर बघत, "डॉक्टर तेचे टक्के मोजतत. माजे दिस कोण मोजतलो?"

मी एम.एस.डब्ल्यू. केलं तेव्हा केस हिस्टरी लिहायला शिकले. त्या फॉर्मात आईसाठी एक रकाना असतो: काळजी घेणारी व्यक्ती. तिथे 'आई' असं दोन अक्षरांत लिहायचं आणि पुढच्या रकान्याकडे जायचं. इतकी वर्षं मी तेच करत आले. मुलाचं वजन, हिमोग्लोबिन, औषधांची नावं, घरात माणसं किती, घर कौलारू की पत्र्याचं, सगळं विचारलं. बाई, तुझे महिन्यातले किती दिवस यात जातात, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. गाडीतून उतरल्यावर पहिल्यांदा विचारलं.

ती काजू फॅक्टरीत काम करते. तिथे जेवढा गर सोलाल तेवढे पैसे, त्यामुळे न गेलेल्या दिवसाचं काहीच मिळत नाही. रक्ताचा एक दिवस आपण मोजतो. पण त्याच्या आधी तपासणीला एक फेरी होते. रक्त चढवल्यावर कधी अंगात कणकण येते, मग दुसऱ्या दिवशी शाळाही नाही आणि कामही नाही. वारंवार रक्त दिल्याने शरीरात लोह साठतं. ते बाहेर काढायची गोळी रोज पाण्यात विरघळवून उपाशीपोटी पाजायची, आणि मुलगा ती सुखासुखी पीत नाही. लोह किती साठलं हे बघायला वेगळी तपासणी. रक्ताची पिशवी या मुलांना सरकारी रक्तपेढीतून फुकट मिळते, ही मोठी गोष्ट आहे आणि ती चळवळींनी, पालकांनी झगडून मिळवलेली आहे. पण बाईचे दिवस फुकट नसतात. आम्ही दोघींनी बाकड्यावर बसून हिशोब केला, तर महिन्याला सहा-सात खाडे निघाले. फॅक्टरीच्या मुकादमाने तिला आधीच सांगून ठेवलं होतं की असं चालणार नाही.

मैत्रिणींनो, आजारी मुलांसाठी सरकारकडे काहीच नाही असं कुणी म्हणालं तर ते खरं नाही. योजना आहेत. पण त्या कुणाला डोळ्यांपुढे ठेवून लिहिल्या गेल्या ते पाहा.

संजय गांधी निराधार अनुदान योजना १९८० सालापासून आहे, आणि गावातल्या बायकांना सगळ्यांत जास्त माहीत असलेली हीच. तिच्या जुन्या यादीत अस्थिव्यंग, अंध, मूकबधिर, कर्णबधिर, मतिमंद अशी नावं आहेत. त्याशिवाय क्षयरोग, कर्करोग, एड्स, कुष्ठरोग असे दुर्धर आजार आहेत. पण कुणाचे, तर त्या आजारामुळे ज्यांना स्वतःचा चरितार्थ चालवता येत नाही अशा स्त्री-पुरुषांचे. हे वाक्य मी कितीतरी वेळा वाचलं होतं. त्या दिवशी परत वाचलं आणि थांबले. सात वर्षांचा मुलगा तसाही स्वतःचा चरितार्थ चालवत नाही. त्याच्या आजारामुळे जिला चरितार्थ चालवता येत नाही ती बाई त्याच्या शेजारी बसलेली आहे. योजनेच्या भाषेत तिच्यासाठी जागाच नाही. ती निराधार नाही, कारण नवरा आहे. ती अपंग नाही, कारण हातपाय धड आहेत. ती आजारी नाही. ती फक्त कामावर जाऊ शकत नाही.

केंद्राची अपंग पेन्शन तर आणखी वेगळी. इंदिरा गांधींच्या नावाची ही योजना २००९ साली आली. वय १८ ते ७९, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त, कुटुंब दारिद्र्यरेषेखाली, आणि महिन्याला ३०० रुपये. म्हणजे मूल जन्मापासून अंथरुणावर असलं तरी केंद्र सरकारच्या लेखी त्याचं अपंगत्व अठराव्या वाढदिवसाला सुरू होतं. तोवरची अठरा वर्षं आईच्या खात्यावर.

१९९५ च्या अपंग कायद्यात सात प्रकार होते. २०१६ चा नवा कायदा एप्रिल २०१७ पासून लागू झाला आणि त्यात २१ झाले. थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल हे रक्ताचे आजार त्यात पहिल्यांदा आले. सेरेब्रल पाल्सी, स्नायू झिजत जाणारा आजार, स्वमग्नता यांना स्वतःची नावं मिळाली. दरम्यान, २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'दिव्यांग' हा शब्द सुचवला आणि कचेऱ्यांच्या पाट्या बदलल्या. महाराष्ट्राने २०२२ च्या डिसेंबरात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही काढला. शब्दावरून भांडायचा मला उत्साह नाही. आमच्याकडच्या आया दोन्ही शब्द वापरत नाहीत, त्या मुलाचं नाव घेतात.

तर २१ प्रकार झाले. यादी वाढली हे चांगलंच झालं. पण यादी म्हटली की तिच्या बाहेरही कुणीतरी उरतंच. आमच्याच भागात एक मुलगी आहे, जिला लहानपणीच मधुमेह झाला. दिवसाला चार वेळा इन्शुलिनची सुई, मध्यरात्री उठून बोटाला टोचून साखर बघणं, कारण झोपेत साखर खाली गेली तर मूल उठणारच नाही ही भीती. तिची आई चार वर्षांत एकही रात्र सलग झोपलेली नाही. हा आजार यादीत नाही. जन्मतः हृदयाचा दोष असलेली मुलं यादीत नाहीत. मूत्रपिंड निकामी झालेलं मूल यादीत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुलं तपासतात. हृदयाला भोक आहे हे त्यांच्यामुळे कळतं, ऑपरेशनही सरकारी खर्चाने होतं, आणि मी अशी मुलं नंतर पटांगणात पळताना पाहिली आहेत. पण ऑपरेशनच्या आधीची दोन वर्षं आणि नंतरचं वर्षभर आईने काय केलं, काय विकलं, कोणाकडे हात पसरले, हे कोणत्याच पथकाच्या वहीत येत नाही.

अमेरिकेत नेमक्या या यादीवरून एक खटला झाला होता. तिथे गरीब घरातल्या अपंग मुलांना मदत देणारी योजना १९७४ पासून चालू होती. मोठ्या माणसाचा आजार यादीत नसला तर निदान त्याला काम करता येतं का हे पाहिलं जाई. मुलाचा आजार यादीत बसला नाही की विषय संपला. १९९० साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने हे चूक ठरवलं. त्या मुलाचं रोजचं जगणं आजाराने किती अडलं आहे हे एकेका मुलापुरतं पाहा, असं सांगितलं. पुढे १९९६ साली तिथल्या सरकारने नियम पुन्हा आवळले ते आवळलेच. तरी तो प्रश्न विचारला गेला. आपल्याकडे तो अजून नीट विचारलेलाच नाही. आपल्याकडे दाखल्यावर टक्के येतात, आणि २०२४ पासून कार्डांना रंगही आले आहेत: ४० टक्क्यांच्या आत पांढरं, ४० ते ७९ पिवळं, ८० च्या वर निळं. पांढऱ्या कार्डाला बहुतेक योजनांत किंमत नाही.

आता उत्पन्नाच्या दाखल्याबद्दल, कारण माझा सगळ्यांत जास्त राग तिथे आहे.

निराधार योजनेत अपंगांच्या कुटुंबासाठी वर्षाला ५०,००० रुपयांची मर्यादा ठरवलेली आहे. ३६५ दिवसांनी भागा: सगळ्या घराचे मिळून दिवसाला १३७ रुपये. २०२५-२६ साली रोजगार हमीचा महाराष्ट्रातला दर ३१२ रुपये होता. म्हणजे घरातल्या एकाच माणसाला त्या दराने वर्षात १६१ दिवस काम मिळालं तरी ते घर मर्यादेच्या बाहेर. सरकारच्याच मजुरीने सरकारचीच मर्यादा मोडते. मग काय होतं? सगळे खोटं लिहितात. अर्ज करणारी बाई ४८,००० लिहिते, लिहून घेणारा समजून असतो, शिक्का मारणाराही समजून असतो. आणि ज्या दिवशी कुणाशी वाकडं येतं त्या दिवशी तेच खोटं तिच्या विरोधात काढलं जातं. एका कचेरीत माझ्यासमोर एका आईला विचारलं गेलं, "नवरा मुंबईत आहे ना? मग एवढंच उत्पन्न कसं?" नवरा मुंबईत आहे हे खरं. त्याने तिथे दुसरं घर केलंय आणि दोन वर्षांत पैसा पाठवलेला नाही, हेही खरं. पण रेशनकार्ड अजून त्याच्या नावावर आहे. चार पुरुषांच्या पुढे, मुलाला कडेवर घेऊन, 'माझ्या नवऱ्याने मला टाकलंय' हे तिने मोठ्याने सांगावं अशी अपेक्षा होती. ती काही न बोलता परत फिरली. मी तिच्या वतीने बोलले, आणि आज वाटतं की तेही तिला विचारूनच करायला हवं होतं.

हे मुद्दाम लिहिते आहे. आजारी मूल झालं की घराण्याचा दोष बाईच्या माहेरकडे शोधला जातो हे आपण पाहत आलो आहोत. थॅलेसेमिया मेजर हा आईबाप दोघांकडूनही दोष आल्याशिवाय होत नाही, हे मी वाडीवाडीत आकृती काढून सांगते. माना डोलतात. सासू मात्र घरी गेल्यावर तेच म्हणते. अशा टाकलेल्या बायकांसाठी बालसंगोपन योजना आहे, जिला आता सावित्रीबाईंचं नाव दिलेलं आहे. २०२३ पासून तिची रक्कम महिन्याला २,२५० झाली. एक पालक असलेली मुलं तिच्यात येतात, कर्करोग आणि एचआयव्हीने आजारी असलेली मुलंही येतात. संजय गांधी योजना वाडीतल्या दहा बायकांना माहीत असेल तर ही एखादीला माहीत असते. आपल्या गटांनी निदान एवढं तरी काम हाती घ्यावं.

२०२४ च्या जुलैपासून लाडकी बहीण योजना आली. महिन्याला १,५०० रुपये, आणि कुटुंबाची उत्पन्नमर्यादा अडीच लाख. मी त्या योजनेच्या विरोधात नाही. बाईच्या स्वतःच्या खात्यात पैसा येणं म्हणजे काय असतं हे मी बँकेच्या दारात उभी राहून पाहिलं आहे. पण दोन आकडे शेजारी ठेवा. बाई 'बहीण' असेल तर तिच्या घराला अडीच लाखांपर्यंत सूट. तीच बाई रक्ताच्या पिशवीवर जगणाऱ्या मुलाची आई म्हणून उभी राहिली तर ५०,०००. असे दोन हिशोब एकाच सरकारी तिजोरीतून का, हे मला कुणी समजावून सांगितलेलं नाही.

रकमेचं म्हणाल तर २०१६ च्या कायद्याचं कलम २४ स्पष्ट आहे: तशाच इतर योजनांपेक्षा अपंगांना निदान २५ टक्के जास्त मदत द्यावी. आपल्याकडे २०२३ साली सगळ्यांचे सरसकट १,५०० झाले. अपंगांचे २,५०० व्हायला २०२५ उजाडलं. म्हणजे कायदा लागू झाल्यापासून आठ वर्षं. त्यासाठी अपंगांच्या संघटना किती वेळा रस्त्यावर बसल्या ते वर्तमानपत्रं वाचणाऱ्यांना माहीत आहे.

त्याच कलमात आणखी एक ओळ आहे, आणि हा सगळा लेख मी त्या ओळीसाठी लिहिते आहे. ज्या अपंग व्यक्तींना आधाराची फार गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहू भत्ता द्यावा, असं तिथे लिहिलेलं आहे. सरकारच्या आर्थिक ताकदीच्या मर्यादेत, हे शब्दही आहेत, अर्थातच. या नावाने पैसे मिळालेली एकही आई मला आमच्या तालुक्यात आजवर भेटलेली नाही. केरळमध्ये आश्वासकिरणम नावाची योजना आहे. अंथरुणाला खिळलेल्यांची काळजी घेणाऱ्या घरच्या माणसाला महिन्याला ६०० रुपये. रक्कम लहान, आणि तीही मधूनमधून कित्येक महिने थकते. पण तिथे निदान 'काळजी घेणारी' या नावाने एक खातं उघडलं गेलं.

पगारदारांचं वेगळं असतं. प्राप्तिकर भरणाऱ्याला अपंग मुलासाठी वर्षाला ७५,००० रुपयांची वजावट मिळते, तीव्र अपंगत्व असेल तर सव्वा लाखाची. ती घेताना आपण गरीब आहोत असं त्याला सिद्ध करावं लागत नाही. हिमाचलमधल्या सरकारी महाविद्यालयातली एक प्राध्यापिका आजारी मुलासाठीची रजा नाकारली म्हणून सर्वोच्च न्यायालयात गेली. २०२४ च्या एप्रिलमध्ये न्यायालयाने म्हटलं की अशा रजेशिवाय आईला नोकरी सोडावी लागू शकते, आणि बायकांनी नोकरीत असणं हा घटनेने दिलेला हक्क आहे. निकाल वाचून मला आनंद झाला. आणि लगेच काजू फॅक्टरीतली ती आठवली. तिला कुठली रजा? तिचा तर खाडा.

आपल्यातल्याच काहीजणींचा या मागणीला विरोध आहे, आणि तो मी हलक्यात घेत नाही. मागच्या बैठकीत एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "आईला काळजीचे पैसे द्या म्हणजे घरातले सगळे म्हणतील, बस आता घरातच, सरकार पगार देतंय. आपण तिला बाहेर काढायला तीस वर्षं घातली." घरकामाला वेतन मागावं की नाही हा आपल्या चळवळीतला जुना वाद आहे आणि तो संपलेला नाही. पण ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहा. घरच्या आजाऱ्याची काळजी घेणाऱ्याला भत्ता देणारी योजना तिथे १९७६ साली निघाली, आणि लग्न झालेल्या बाईला त्यातून वगळलं गेलं. का, तर ती तशीही घरीच असणार. जॅकलिन ड्रेक या लग्न झालेल्या बाईने आजारी आईसाठी नोकरी सोडली होती. ती यावर भांडली, युरोपच्या न्यायालयापर्यंत गेली आणि १९८६ साली जिंकली. तेव्हा कुठे तिथल्या नवरेवाल्या बायकांना तो भत्ता मिळाला. पैसे न दिल्याने बाई घराबाहेर पडली असती तर आमच्या वाड्या एव्हाना रिकाम्या झाल्या असत्या. काजूवालीला हा वाद मी सांगितला तेव्हा ती हसली. "माका घराकडे रव म्हणान सांगणारे सगळे. रवल्याचे पैशे देवक कोण येना नाय."

२०२४ च्या सरकारी वेळ-पाहणीत घरकामात बायकांची रोजची २८९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ८८, असं आलं. आजारी मुलाच्या आईची मिनिटं त्या सरासरीत कुठेतरी विरघळून गेली आहेत.

म्हणून माझं म्हणणं असं. भत्ता मुलाच्या टक्क्यांवर नको, काळजीला लागणाऱ्या दिवसांवर आणि रात्रींवर ठरवा. मग मधुमेहाची मुलगीही त्यात येते आणि हृदयाचं मूलही. काळजी घेणारा बाप असेल तर त्याला द्या. असे दोन बाप मला माहीत आहेत, दोनच. पण जो घेतो त्याच्या खात्यात द्या, रेशनकार्डावर ज्याचं नाव वर आहे त्याच्या नको. उत्पन्नमर्यादा निदान लाडक्या बहिणीएवढी करा. आणि भत्त्याबरोबर तालुक्याला एक ठिकाण हवं, जिथे आठवड्यातून दोन दिवस मूल सुरक्षित ठेवून आई कामावर जाऊ शकेल. ते नसेल तर जुन्या कार्यकर्तीची भीती खरी ठरेल, हे मला मान्य आहे.

हे सगळं मुंबईत ठरायला वेळ लागेल. तोवर ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करावे लागतात, ते कशावर झाले हे ग्रामसभेत विचारता येतं. बहुतेक ठिकाणी वर्षाच्या शेवटी काहीतरी वस्तू वाटून हिशोब मिटवला जातो. त्यातून रक्ताच्या फेरीचं भाडं का देऊ नये? बाईचं तिकीट मार्च २०२३ पासून अर्धं झालंय, तरी महिन्याच्या दोन-तीन फेऱ्या, मधलं चहापाणी आणि संध्याकाळची गाडी चुकली तर रिक्षा, हे होतंच.

काजूवालीच्या घरात देवाच्या फोटोखाली कालनिर्णय टांगलेलं आहे. मुलाच्या रक्ताच्या तारखांना ती लाल गोल करायची. आता कामावर न गेलेल्या दिवसांवर फुली मारते. गेल्या महिन्यात फुल्या आठ झाल्या, कारण मुलाला मध्येच ताप आला. तिचं बघून आणखी पाचजणींनी सुरू केलं आहे. सहा महिन्यांची पानं जमली की ती ग्रामसभेत ठेवायची आणि तिथून तालुक्याला न्यायची, असं आमचं ठरलं आहे. तुमच्या गावात अशा आया असतील तर त्यांनाही फुल्या मारायला सांगा. मुलाचं नाव लिहायची गरज नाही. फक्त गावाचं नाव, आजार आणि फुल्या किती, एवढं लिहून आपल्या गटाच्या पत्त्यावर पाठवा.